सोलापूर : जुन्या घटस्फोटाच्या निकालाची नक्कल कुठून आणि कशी काढायची?

मीरा_पूर्वभाग

नमस्कार. मावशीसाठी विचारते आहे. ती विडी कामगार, अशोक चौकाच्या पुढे भाड्याच्या खोलीत एकटी राहते. तिचा घटस्फोट कोर्टातून झालाय, साधारण १९९७ किंवा ९८ ला. त्या वेळचे वकील आता हयात नाहीत. घरं बदलता बदलता कागद कुठे गेले कळत नाही. आता संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचाय, तर घटस्फोटित म्हणून अर्ज करायला कोर्टाचा आदेश जोडा म्हणाले. नुसतं प्रतिज्ञापत्र नको.

केस नंबर माहीत नाही, तारीख माहीत नाही. नवऱ्याचं गाव अक्कलकोट तालुक्यातलं. एक जण "पाच हजार द्या, आणून देतो" म्हणतोय. मावशीचा महिना कसा निघतो हे मला माहीत आहे, म्हणून त्याला हो म्हणवत नाही. हे आपलं आपण काढता येतं का? तिच्या वतीनं मी गेले तर चालेल का?

जुळे_सोलापूरकर

ताई, माहिती अधिकारात अर्ज टाका की. दहा रुपयांत काम होतंय. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं त्यांना.

नक्कलखिडकी

मी कोर्टात नोकरी केली, आता निवृत्त आहे. नक्कल विभागातही काही वर्षं काढली. माहिती अधिकाराचा मार्ग इथे चालत नाही, त्यात महिना घालवू नका. मुख्य माहिती आयुक्त विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला स्पष्ट सांगितलंय की कोर्टाच्या नकला त्या उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे अर्ज करूनच घ्यायच्या. तुमचा माहिती अधिकाराचा अर्ज "नक्कल विभागात अर्ज करा" एवढ्या उत्तरावर परत येईल.

मीराताई, पाच हजार कोणालाही देऊ नका. लागतो तो अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टँप आणि पानांप्रमाणे नकलेची फी. दर नक्कल विभागात विचारून घ्या. आणि पैसे भरले की पावती घ्या.

कोर्ट कुठलं हे आधी ठरवू. आज सोलापुरात कौटुंबिक न्यायालय आहे, त्यामुळे सगळे थेट तिकडे जातात आणि "इथे नोंद नाही" ऐकून परत येतात. मावशीच्या वेळी हिंदू विवाह कायद्याच्या केसेस दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालायच्या. कौटुंबिक न्यायालय सुरू झालं तेव्हा चालू केसेस तिकडे वर्ग झाल्या, निकाली निघालेल्या फाइली मूळ कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्येच राहिल्या. म्हणून १९९७-९८ चा निकाल जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या दिवाणी कोर्टाच्या अभिलेखात शोधायचा.

नंबर नसेल तर त्या वर्षांच्या नोंदवहीतून नावावरून शोध घ्यावा लागतो. तसा लेखी अर्ज द्या. अर्जात मावशीचं लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, नवऱ्याचं पूर्ण नाव, दोघांचे तेव्हाचे पत्ते आणि अंदाजे वर्ष लिहा. वर्ष दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात द्या, कारण लोकांना निकालाचं वर्ष आठवतं आणि केसचा नंबर दाखल केलेल्या वर्षाचा असतो. ९८ चा निकाल ९५ च्या नंबरावर असू शकतो. शोध नाही लागला असं सांगतात, त्यात निम्म्या वेळा कारण एवढंच असतं हे मी पाहिलंय.

अर्ज मावशीच्या नावानेच करा. सही किंवा अंगठा तिचाच हवा. पहिल्या वेळी तिला आधार कार्डासह सोबत न्या. नंतर नक्कल घ्यायला तुम्ही तिच्या अधिकारपत्रावर गेलात तर सहसा अडचण येत नाही.

मीरा_पूर्वभाग

काका, खूप आभार. कौटुंबिक न्यायालयातच जाणार होते मी. मावशीला विचारलं. तिला आठवतंय की केस तिनं नाही, नवऱ्यानं केली होती, आणि पोटगीची केस तिनं वेगळी केली होती. दोन्ही सोलापुरात की अक्कलकोटला याची खात्री नाही. "मोठं कोर्ट होतं, एसटी करून जायचे" एवढंच सांगते. तेव्हा ती माहेरी, मोहोळ तालुक्यात होती.

ॲडव्होकेट_चंद्रभागा

मी पंढरपूरला वकिली करते. मीरा, मोहोळहून एसटीनं मोठ्या कोर्टात म्हणजे बहुतेक सोलापूर, पण अंदाजावर थांबू नकोस. घटस्फोटाची केस कुठे दाखल होते ते हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १९ मध्ये आहे : लग्न जिथे लागलं ते ठिकाण, समोरची बाजू जिथे राहते ते, किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले ते. पत्नीला स्वतः राहते तिथे केस करायची मुभा २००३ च्या दुरुस्तीनं आली. मावशीची केस त्याआधीची आणि नवऱ्यानं केलेली, म्हणून पर्याय तीनच. लग्न कुठे लागलं आणि शेवटचा संसार कुठे होता एवढं तिला नक्की सांगता येईल.

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की अर्ध्या सोयरिकी कलबुर्गी, विजयपूर, धाराशिव, लातूरकडच्या. लग्न सोलापुरात झालं म्हणून निकालही इथलाच असं धरून लोक वर्षभर चुकीच्या रेकॉर्ड रूममध्ये शोधत राहतात.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. पोटगीची केस होती ना? तो निकाल आधी शोध. नवऱ्यानं "आमचा घटस्फोट झालाय" म्हणून विवाह अर्जाचा, म्हणजे घटस्फोटाच्या केसचा, नंबर त्या केसमध्ये सांगितलेला असतो, कधी नक्कलच जोडलेली असते. पोटगी सुरू झाली असेल तर त्या आदेशाचा कागद बायका जपून ठेवतात, कारण वसुलीसाठी लागतो. घरातल्या डब्यात, पिशवीत, देवाच्या फोटोमागे बघ.

बाळे_वेस

अजून एक. मावशीचं नाव नवऱ्याच्या रेशन कार्डातून कमी करून वेगळं कार्ड काढलं असेल तर तेव्हा निकालाची झेरॉक्स जोडलेली असू शकते. मुलं असतील तर शाळेत, बँकेत, विडी कामगारांच्या ओळखपत्राच्या कागदांत बघा. झेरॉक्स जुनी असली तरी वरचा नंबर मिळाला की पुढचं काम सोपं. आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं असेल तर त्यानं बहुधा नक्कल काढलेली असणार.

अंगणवाडी_ताई

लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी आमच्या वस्तीत हाच प्रश्न. नवरा नाही, वडील नाहीत, घटस्फोट झालेला, आणि दाखवायला कागद नाही. बायका रडकुंडीला आलेल्या. कोर्टात जायचं म्हटलं की "वकील किती घेईल" हाच पहिला प्रश्न. हा धागा मी आमच्या गटात टाकते आहे. वकील लावावाच लागतो का, हे कोणी नीट सांगेल का?

ॲडव्होकेट_चंद्रभागा

नकलेसाठी वकील लागत नाही. पक्षकार स्वतः अर्ज करू शकते. लिहिता येत नसेल किंवा भीती वाटत असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर.

आणि हे सगळ्या बायकांना सांगा ताई : हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ पोटकलम ४. घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, झाला की त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची, असं कायदाच म्हणतो. निकाल लागला त्या दिवशीच ही प्रत मागून ठेवली तर पंचवीस वर्षांनी अशी वेळ येत नाही. माझ्याकडच्या प्रत्येक पक्षकाराला मी दोन प्रमाणित नकला काढायला लावते, एक माहेरच्या कपाटात, एक स्वतःजवळ.

होटगीरोड_एस

विषय थोडा वेगळा, पण विचारतो. बहिणीसाठी स्थळ आलंय. मुलगा घटस्फोटित, पुण्यात नोकरीला, मूळचे इथलेच. "सगळं कोर्टातून क्लिअर आहे" म्हणतात. ऑनलाइन नाव टाकून त्याचा निकाल काढता येईल का? कोर्टात जाऊन मी नक्कल मागू शकतो का?

नक्कलखिडकी

ई-कोर्ट्सच्या साइटवर केसची स्थिती बघता येते. केस नंबर, पक्षकाराचं नाव किंवा सीएनआर नंबर टाकायचा. सीएनआर म्हणजे प्रत्येक केसचा १६ अक्षरी-अंकी क्रमांक, महाराष्ट्रातल्यांची सुरुवात एमएचने होते. सोलापूर जिल्हा निवडून केस मिळाली नाही तर यादीत कौटुंबिक न्यायालयं वेगळी दिली आहेत का ते पाहा. नाव इंग्रजी स्पेलिंगने नोंदवलेलं असतं, म्हणून दोन-तीन प्रकारे टाकून बघावं लागतं. पण वैवाहिक केसेसमध्ये बऱ्याचदा नावं झाकलेली असतात आणि आदेश उघडत नाही. ते मुद्दामच आहे. आणि १९९०च्या दशकातले निकाल तिथे सापडतील ही आशा धरू नका.

नकलेचं म्हणाल तर तुम्ही त्या केसमध्ये त्रयस्थ. त्रयस्थाला कारण दाखवून प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा लागतो आणि त्यावर न्यायाधीशांचा आदेश लागतो. वैवाहिक प्रकरणात "स्थळ आलंय" या कारणावर परवानगी मिळेल असं समजू नका.

ॲडव्होकेट_चंद्रभागा

हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ वाचा. या कायद्याखालची कामकाजं बंद दाराआड चालतात आणि ती छापणं, प्रसिद्ध करणं यावर बंदी आहे. अपवाद उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा, तोही कोर्टाच्या परवानगीने. मोडलं तर १००० रुपयांपर्यंत दंड.

होटगीरोड दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे, फक्त दार चुकलंय. नक्कल मुलाकडे मागा. संमतीनं झालेला असो की भांडून, त्याच्याकडे हुकूमनामा असतो. पहिल्या भेटीत नाही, पण बोलणी पुढे सरकली की स्वच्छ सांगा, "आम्हाला प्रमाणित नक्कल बघायची आहे." लग्नाला तयार असलेल्या माणसानं यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

हातात आली की नंबर बघा. कौटुंबिक न्यायालयात "याचिका एफ" असेल तर तो परस्परसंमतीचा, "याचिका ए" असेल तर एकानं दुसऱ्याविरुद्ध केलेला. शेवटी विवाह विच्छेदित झाल्याचं वाक्य आणि तारीख आहे का ते बघा. केस मागे घेतली किंवा काढून टाकली गेली तरी लोक "निकाल लागला" म्हणतात, आणि तिथे लग्न तसंच उभं असतं. निकाल एकतर्फी असेल तर अजून एक प्रश्न विचारा : तो रद्द करून घ्यायला समोरच्या बाजूनं अर्ज किंवा अपील केलंय का?

मुदतही मोजा. कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपल्याशिवाय किंवा अपील निकाली निघाल्याशिवाय पुन्हा लग्न करता येत नाही. हिंदू विवाह कायद्यात ही मुदत ९० दिवस आहे. कौटुंबिक न्यायालय कायद्यात ३० दिवस लिहिलेत, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१६ मध्ये ९० दिवसच धरले. कौटुंबिक न्यायालयाच्या संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं.

सावली_एन

मी सहसा फक्त वाचते, पण इथे लिहावंसं वाटलं. माझा घटस्फोट याच शहरात झाला. माझ्या अर्जात मी जे लिहिलं ते मी सख्ख्या आईलाही सगळं सांगितलेलं नाही. दवाखान्याचे कागद आहेत त्यात, मुलाबद्दल आहे. उद्या कोणीही "चौकशी करतोय" म्हणत ते वाचू शकला असता तर मी कोर्टात तोंडच उघडलं नसतं, आणि अजून त्याच घरात असते. माझ्या पुढच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा मी हुकूमनामा स्वतः पुढे केला. दोन पानं. लग्न संपलं हे त्यात आहे, बाकी काही नाही. तेवढं बघायचा हक्क समोरच्या घरच्यांना आहे असं मला वाटतं. निकालपत्रातल्या साक्षी वाचायचा नाही.

होटगीरोड_एस

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुलाकडेच मागतो, आणि फक्त हुकूमनामाच.

कुंभारवेस

आमच्याकडं समाजाच्या बैठकीत काडीमोड होतोय. शंभराच्या स्टँपवर लिहून, नोटरी करून, पंचांच्या सह्या. माझ्या चुलत्याचं असंच झालंय. आता बँकवाले हा कागद चालत नाही म्हणायलेत. याचं रेकॉर्ड कोर्टात कुठं मिळंल?

ॲडव्होकेट_चंद्रभागा

कोर्टात मिळणार नाही दादा, कारण ते कोर्टात गेलेलंच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ पोटकलम २ प्रमाणे रूढीनं मान्य असलेला घटस्फोट कायद्यानं राखलेला आहे. पण तुमच्या समाजात ती रूढी आहे, जुनी आहे, सलग चालत आली आहे, हे सिद्ध करायची जबाबदारी ती सांगणाऱ्यावर. नोटरीचा शिक्का सह्या कोणी केल्या एवढंच सांगतो, त्यानं घटस्फोट होत नाही. रूढी सिद्ध झाली नाही तर पहिलं लग्न कायम, आणि दुसऱ्या लग्नातल्या बाईचे हाल. चुलत्यांना सांगा, कौटुंबिक न्यायालयात किंवा तालुक्याच्या वरिष्ठ स्तर कोर्टात जाऊन वैवाहिक स्थिती जाहीर करून घ्या. दोन्ही बाजू राजी असतील तर कलम १३ ब खाली संमतीनं अर्ज करणं त्याहून सरळ.

शबाना_विजापूररोड

आमच्यात खुला, म्हणजे बायकोच्या मागणीवरून होणारा घटस्फोट, झालेला असेल तर? माझ्या नणंदेकडे खुलानामा आहे, उर्दूत. कोर्टाचा कागद मागतात तेव्हा काय करायचं?

ॲडव्होकेट_चंद्रभागा

शबानाताई, तिथेही कोर्टात फाइल नसते, म्हणून नक्कल निघत नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली कोर्टातून झाला असेल तरच निकाल असतो आणि त्याची नक्कल वर सांगितलं तशीच. खुलानाम्यावर अडत असेल तर कौटुंबिक न्यायालयाकडे वैवाहिक स्थिती जाहीर करण्याची मागणी करता येते, कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम ७ मध्ये तो अधिकार आहे. सोबत खुलानाम्याचं मराठी भाषांतर जोडा. नणंदेला विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा, त्यांच्याकडून वकील मिळेल.

मीरा_पूर्वभाग

सांगायला आले. चंद्रभागाताई, तुमचं खरं निघालं. पोटगीच्या आदेशाची झेरॉक्स मावशीच्या विड्यांच्या जुन्या सुपाखाली कापडात गुंडाळलेली होती. कडा गेल्यात, पण दुसऱ्या पानावर "हिंदू विवाह अर्ज क्रमांक" आणि वर्ष वाचता येतं. वर्ष १९९५! काका म्हणाले होते तसंच. केस सोलापूरचीच आहे. नोंदवहीत नाव सापडलं आणि नकलेचा अर्ज दिलाय. खिडकीवर "निकालपत्र हवं की हुकूमनामा" विचारलं, तिथे मी गोंधळले.

नक्कलखिडकी

वा, फार बरं वाटलं. निकालपत्रात कारणांसह सविस्तर निकाल असतो, हुकूमनाम्यात फक्त शेवटचा आदेश. दोन्ही मागा. योजनेच्या अर्जाला हुकूमनामा पुरतो, पण निकालपत्रात पोटगीबद्दल काही लिहिलं असेल तर ते पुढे उपयोगी. जुन्या फाइलींची छाननी होते आणि नियमाप्रमाणे काही कागद नष्ट करतात. निकालपत्र आणि हुकूमनामा सर्वांत जास्त काळ ठेवतात, साक्षीपुरावे आणि किरकोळ अर्ज आधी जातात. म्हणून आता फाइल बाहेर निघालीच आहे तर दोन्ही काढून घ्या, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती.

नक्कल हातात आल्यावर खिडकीवरून लगेच हलू नका. प्रत्येक पानावर कोर्टाचा शिक्का आहे का, शेवटच्या पानावर खरी नक्कल म्हणून अधिकाऱ्याची सही आहे का बघा. तिथेच तारखा असतात : अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. अपील करायचं असेल तर मुदतीतून नकलेचे दिवस वजा होतात, ते याच तारखांवरून. मावशीला त्याची गरज नाही, पण नवीन निकालवाल्यांनी ते पान सांभाळावं.

अभिलेखात फाइल जागेवर नाही असं कोणाला सांगितलं तर घाबरू नका, ती वर अपिलात गेली होती का ते विचारा. अपील झालं की मूळ कागदपत्रं अपिलाच्या कोर्टात मागवली जातात. उच्च न्यायालयातली सोलापूरची अपिलं आधी मुंबईला जायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय आणि आपला जिल्हा त्यात आहे.

दुबईहून_सोलापूरकर

मला परदेशात हुकूमनामा द्यायचाय. बहिणीनं तिकडून काढला तर चालेल का? आणि पासपोर्टवरून पत्नीचं नाव काढायलाही लागेल का?

ॲडव्होकेट_चंद्रभागा

बहिणीच्या नावे अधिकारपत्र करून पाठवा, अर्ज तुमचाच राहील. प्रमाणित नकलेवर आधी राज्य शासनाचं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन लागतं. तिकडच्या कार्यालयाला नेमकं काय हवंय ते लेखी विचारून घ्या. पासपोर्टचे नियम डिसेंबर २०१६ मध्ये सैल झाले, घटस्फोटिताला जोडीदाराचं नाव देणं किंवा हुकूमनामा जोडणं सक्तीचं राहिलं नाही. आधीच छापलेलं नाव काढायला मात्र हुकूमनामा जवळ असू द्या.

मीरा_पूर्वभाग

नक्कल मिळाली! एक अडचण आहे. हुकूमनाम्यात मावशीच्या वडिलांचं नाव चुकलंय, निकालपत्रात बरोबर आहे. आधारवर बरोबर असलेलं नाव आणि हुकूमनाम्यातलं जुळत नाही. अर्ज परत येईल का?

ॲडव्होकेट_चंद्रभागा

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज कर. लिहिण्यातली चूक कोर्ट कधीही दुरुस्त करू शकतं, वर्षं उलटली म्हणून हक्क जात नाही. निकालपत्र आणि हुकूमनाम्यात फरक आहे, म्हणजे चूक नक्कल करताना की हुकूमनामा लिहिताना झाली ते मूळ फाइलवरून ठरेल. आधी नक्कल विभागातच मूळ हुकूमनाम्याशी ताडून बघायला सांग. मुळात बरोबर असेल तर नक्कलच बदलून मिळेल, कलम १५२ ची गरजही पडणार नाही.

तोवर योजनेचा अर्ज थांबवू नकोस. निकालपत्राची नक्कल जोड, हुकूमनाम्यातल्या नावाबद्दल मावशीचं प्रतिज्ञापत्र दे, आणि दुरुस्तीचा अर्ज केल्याची पोच सोबत लाव. अर्ज जमा केल्याचा शिक्का आणि तारीख तुझ्या प्रतीवर घेतल्याशिवाय परत येऊ नकोस.

मीरा_पूर्वभाग

उद्या मावशीला घेऊनच जाते.